तालुक्याच्या गावी मार्ट कसं आणावं, आणि आल्यावर कसं वागावं

वाशी, भूम, परंडा, लोहारा, यांपैकी कुठंही तुम्ही राहत असाल आणि साखर अजून कागदाच्या पुड्यात बांधून घेत असाल, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. घाबरायचं काही कारण नाही. पुडीच्या दोऱ्याचं रीळ करून ठेवणारी घरंसुद्धा यातून सुधारलेली आम्ही पाहिली आहेत. सांगितलेल्या क्रमाने चला, मधली पायरी गाळू नका.

१. आधी लाज वाटून घ्या.

लाजेशिवाय विकास नाही. सुदैवानं ही सोय सरकारनंच करून ठेवली आहे. २०१८ साली नीती आयोगानं देशातले मागे पडलेले जिल्हे निवडले. त्यात महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आपला धाराशिव. तोंडावर मागास म्हटलं तर वाईट दिसतं, म्हणून नाव ठेवलं ‘आकांक्षित जिल्हा’. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी असे रकाने पाडले. एसीचा रकाना मात्र राहून गेला. तो आपण भरायचा.

लाज पक्की व्हायला महिन्याकाठी एकदा सोलापूर गाठा. कळंबकडचे असाल तर लातूर चालेल. तुळजापूर ते सोलापूर ४५ किलोमीटर, जाऊन-येऊन ९०. गाडीला सहाएकशे रुपयांचं पेट्रोल लागतं, आणि तेल, साबण, चहापत्ती मिळून दीडदोनशे वाचतात. उरलेल्या चारशेचं काय, असं घरात जो विचारेल त्याला पुढच्या खेपेला गाडीत घेऊ नका. येताना पावभाजी खा. ती बचतीतूनच खायची असते. आजी म्हणेल, ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’. म्हणू द्या. म्हातारीनं आयुष्यात ट्रॉली ढकललेली नाही.

परत आल्यावर सलूनमध्ये, स्टँडवरच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत एकच वाक्य म्हणत राहा: “आपल्याकडं काहीच नाही बगा.” सहा महिन्यांत सगळं गाव ते म्हणायला लागेल. तेवढ्यावर पहिली पायरी पार पडली असं समजा.

२. विरोध करायचाच असेल तर परक्याला करा.

विरोध न करता काही येऊ दिलं तर गावाची इज्जत राहत नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणून तो कुणाला करायचा हे आधी शिकून घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्रानं किराण्यासकट सगळं विकणाऱ्या मोठ्या दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवल यायला वाट मोकळी केली. त्यात डिझेलही महागलं होतं. २० सप्टेंबरला देशभर बंद झाला.

आता त्या निर्णयातली अट वाचा. दुकान १० लाखांवर वस्तीच्या शहरात काढायचं. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याच्या शहराची वस्ती १ लाख ११ हजार ८२५. अख्खा जिल्हा साडेसोळा लाखांचा आहे, पण त्यासाठी आठही तालुक्यांनी एकाच नगरपालिकेत राहायला यावं लागेल. मग नळाला पाणी किती दिवसांआड येईल याचा हिशेब घरी बसून करा.

म्हणजे वॉलमार्ट आपल्या बायपासला येण्याची सुतराम शक्यता नव्हती. म्हणूनच तिला विरोध करणं इतकं सोयीचं होतं. पुढं २०१८ साली तिनं फ्लिपकार्टचा ७७ टक्के वाटा विकत घेतला आणि ती गावात आलीच, खिशातल्या मोबाइलमधून. पार्सल घेऊन येणारा पोरगा आपल्याच गल्लीतला, त्यामुळे कुणाला ती परकी वाटली नाही.

मुंबईच्या कंपनीला तर यातलं काहीच लागू नाही. तिथं घोषणा द्यायच्या नसतात, हार न्यायचा असतो.

३. जागा बघा.

गावापासून इतक्या लांब की पायी जाता येऊ नये, आणि इतक्या जवळ की रिक्षावाल्याला जादा पैसे मागता यावेत. बायपासला लागून ज्वारीचं रान असेल तर उत्तम. ते एनए करून घ्या. रान कुणाचं होतं हे विचारायला कुणी येत नाही, आणि मूळ मालक तसाही आता पार्किंगमध्ये शिट्टी वाजवत असतो.

४. उद्घाटनाचं भाषण नीट लिहून घ्या.

भाषण भावी आमदार करोत की माजी, त्यात एक वाक्य यायलाच हवं: “आजवर या भागात मोठा व्यापार म्हणून आलाच नाही.” त्यामुळे भाषणात तेरचं नाव कुठंही येऊ देऊ नका. एकदा आलं की पंचाईत.

कारण धाराशिवपासून थोड्याच अंतरावर, तेरणेच्या काठी, हे तेर नावाचं गाव आहे. ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक पुस्तकात, पहिल्या शतकातल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या, ‘तगर’ म्हणून एक मोठं शहर येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. अभ्यासक ते हेच तेर मानतात. इथून जाडंभरडं कापड, तलम मलमल असा माल गाड्या भरभरून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजानं पश्चिमेकडं. वाटेत मोठमोठे मुलूख बिनरस्त्याचे आहेत, असंही त्या पुस्तकाचा लेखक लिहितो. (रस्त्यांबाबत त्याचं पुस्तक अजून जुनं झालेलं नाही.) गावातल्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. तिच्यासारखीच एक इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांचा माल समुद्रापार जात होता, त्यांना परदेशी कंपनीची शाम्पूची बाटली आपल्या गावात मिळते म्हणून टाळ्या वाजवायला लावायच्या आहेत. तेव्हा तेर नकोच.

भाषणात ‘भूमिपुत्रांना रोजगार’ घाला. पगाराचा आकडा घालू नका. पाटी मराठीत आहे ना, हे मोठ्यांदा तपासून घ्या, फोटोही काढा. आत गेल्यावर “भैया, ये कहाँ मिलेगा” असं विचारायला हरकत नाही. गंमत म्हणजे तो भैया ढोकीचा असतो आणि त्यालाही हिंदी धड येत नाही. दोघांनी मिळून निभवा.

५. आत गेल्यावर गावंढळपणा करू नका.

हा धडा सगळ्यात अवघड. बरेच जण इथं नापास होतात.

दारात चप्पल काढू नका. काढली तर कुणी काही बोलणार नाही, फक्त वर टांगलेला कॅमेरा थोडा तुमच्याकडं वळल्यासारखा वाटेल.

डाळ चावून बघायची नाही. गूळ चिमटीनं फोडायचा नाही. तिखटाचा वास घ्यायचा नाही, ते शिवलेल्या पाकिटात आहे आणि वासासाठी पाकिटावर मिरचीचं चित्र आहे. माठ घेताना बोटांनी वाजवून बघायची सवय विशेष करून सोडा. गोरोबाकाकांनी तेरमध्ये थापटण्यानं संतांची डोकी वाजवून कच्चं-पक्कं मडकं ठरवलं, अशी गोष्ट लहानपणी ऐकली असेल. नामदेवांचं मडकं कच्चं निघालं होतं म्हणे. आता बारकोड आहे. कच्चं मडकं असलं तरी ते टूं असाच आवाज करतं.

घासाघीस बंद. पन्नाशीच्या पुढच्या बायकांना हे फार जड जातं, त्यांच्याशी आम्हाला मनापासून सहानुभूती आहे. “पंच्याहत्तरला देताव का?” असं काउंटरवरच्या पोरीला विचारलं की ती स्क्रीनकडं बघते. स्क्रीन नाही म्हणते. पुन्हा विचारू नका, मागं रांग असते.

यानंतर डाळींच्या कप्प्यापुढं जरा थांबा. तुमच्यासारख्याच कुणीतरी कळंबच्या बाजारात तूर घातली होती. आडत कापली, हमाली कापली, ओलाव्याचे कापले, आणि उरलेलं हातावर आलं. ती तूर लातूरच्या डाळ मिलमध्ये गेली, तिची डाळ झाली, तिथून आणखी कुठंकुठं फिरली, आणि आता किलोच्या पाकिटात बसून, पाकिटाला पडलेल्या पारदर्शक खिडकीतून तुमच्याकडं बघते आहे. ओळख लागते का बघा. ओळख लागली तरी दाखवू नका, कारण लगेच दोन्ही भाव डोक्यात शेजारी शेजारी उभे राहतात, आणि खरेदीच्या आनंदावर पाणी पडतं.

शेवटची परीक्षा मिठाईच्या कप्प्यात. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत, कुंथलगिरीच्या पेढ्याला लोक वाट वाकडी करून येतात, धाराशिवचे गुलाबजाम पाहुण्यांना बांधून देतात. तरीही गुलाबजामच्या तयार पिठाचं पाकीट न संकोचता ट्रॉलीत टाकता आलं, तर तुम्ही पुढच्या वर्गात गेलात. एकावर एक फुकट असेल तर दोन टाका.

६. बिलाचं शेवटचं वाक्य आधी वाचा.

“आज तुम्ही इतके रुपये वाचवलेत.” हे वाक्य घरी मोठ्यांदा वाचायचं. त्याच्या वरचा आकडा फक्त मनात.

नवशिक्यांचा गोंधळ इथंच होतो. साखर आणायला गेलो होतो, मग प्लास्टिकचे सहा डबे, पायपुसणं आणि जिमला जाताना पाणी न्यायची बाटली कशी आली? जिम कुठाय? असल्या प्रश्नांनी माणूस खचतो. डबे महत्त्वाचे आहेत. आता घरात साखर कमी आणि साखर ठेवायची जागा जास्त, यालाच राहणीमान उंचावणं म्हणतात.

घरून नेलेली पिशवी दारावरच कुलूपबंद होते, म्हणून काउंटरवर नवी विकत घ्या. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं बिग बझारला बजावलं होतं, की गिऱ्हाइकाला आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे. हा निकाल तुम्हाला माहीत आहे हे काउंटरवर सांगा. पोरगी “हो काका” म्हणेल आणि विचारेल, “छोटी देऊ की मोठी?”

७. रोख तिकडं, उधारी इकडं.

हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

जुन्या पेठेतला आप्पांचा किराणा अजून उघडा आहे. त्यांच्याकडं एक लांबुडकी वही असते. तिच्यात खातेदारांची नावं शाळेच्या दाखल्यावरची नसतात. ‘विहिरीवाले’, ‘मास्तर (उंच)’, ‘मास्तर (दुसरे)’, ‘शिंप्याची धाकटी सून’. नावापुढं तेल एक, चहापत्ती पाव, काडीपेटी दोन. सोयाबीन विकलं की काही रक्कम खोडली जाते, उसाचं बिल आलं की आणखी काही. बिल आलं नाही तर आप्पा पान उलटतात. या वहीला ना आधार जोडलेलं आहे, ना तिच्यावर कुणी व्याजाचा तक्ता चिकटवलाय. वहीवाल्याची जात उदार असते असा याचा अर्थ नाही. आप्पा भावात दोन रुपये जास्तच लावतात, आणि ते कशाचे हे त्यांनाही ठाऊक असतं, तुम्हालाही.

आता पद्धत समजून घ्या. हातात पैसे असले की मार्ट. हातात पैसे नसले की आप्पा. पगाराच्या पहिल्या आठवड्यात रिक्षा बायपासला, तिसऱ्या आठवड्यात पोराला पेठेत पाठवा. स्वतः जाऊ नका. पोराला बघून आप्पांना नाही म्हणवत नाही. मार्टाची भरलेली पिशवी हातात असेल तर पेठेतून न जाता मागच्या गल्लीनं घरी जा, एवढी माणुसकी आपल्यात उरली पाहिजे.

गारपीट झाली, पाऊस उघडला नाही, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड आले, अशा वर्षी मार्टाच्या मॅनेजरकडं जाऊन “मालक, दिवाळीपर्यंत लिहून ठिवा” म्हणून बघायला हरकत नाही. चांगला मुलगा असतो, टाय लावलेला. तो विचारेल, क्रेडिट कार्ड आहे का. नाही म्हटलंत की तो क्रेडिट कार्ड काढायचा अर्ज देईल. अर्जात उत्पन्नाचा पुरावा मागतात. आप्पांनी कधी मागितला नाही, कारण त्यांना तुमचं उत्पन्न तुमच्यापेक्षा आधी कळतं.

८. दुकानदार बांधवांसाठी.

तुम्हालाही वाऱ्यावर सोडलेलं नाही. आधी समोरच्याचा धंदा समजून घ्या. शेअर बाजारात मुरलेले राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली पवईत पहिलं डीमार्ट काढलं. जागा शक्यतो स्वतःची घ्यायची, माल देणाऱ्याचे पैसे चटकन चुकते करायचे, त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा, चकचकाटावर खर्च करायचा नाही. मार्च २०१७ मध्ये कंपनीचा शेअर २९९ रुपयांना लोकांना दिला, आणि बाजारात आला त्याच दिवशी तो दुपटीच्या पुढं गेला. तुम्ही त्या वेळी गल्ल्यातले २९९ रुपये बिस्किटांच्या बॉक्समध्ये घातले होते. असू द्या. बिस्किटं खपली तरी.

आता तुमची अडचण अशी, की होलसेलवाला तुम्हाला तेलाचं पाकीट ज्या भावात देतो, त्याच्याहून कमी भावात ते मार्टात कुणालाही मिळतं. यावर तोडगा सोपा आहे. तुम्हीच मार्टात जा आणि तिथून माल आणून दुकानात लावा. बरेच जण करतात. मात्र पाटी असते: एका गिऱ्हाइकाला एका वस्तूचे ठरावीकच नग. म्हणून बायकोला घ्या, दोन्ही पोरांना घ्या, म्हातारीलाही घ्या. पाच जणांनी पाच रांगांत उभं राहायचं आणि एकमेकांना ओळखायचं नाही. धाकट्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो तीन नंबरच्या काउंटरवरून “पप्पा, माझी साखर झाली!” असं ओरडतो. वर्षानुवर्षं मोंढ्यातून पोती उतरवून घेतलेल्या माणसाला असं चोरासारखं उभं राहताना कसं वाटतं, हे आम्ही समजू शकतो. पण रांग पुढं सरकली आहे, लक्ष द्या.

९. मॅनेजरसाहेब बाहेरगावचे असतील तर त्यांना एवढं सांगा.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला जादा माल भरू नका. त्यांच्या वरच्या ऑफिसच्या कॅलेंडरात दिवाळी, संक्रांत, व्हॅलेंटाइन असतं, पण येळवस नसते. त्या दिवशी धाराशिव आणि लातूरकडची गावं सकाळीच ओस पडतात. सगळे रानात. कडब्याची खोप, पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबिलाचा बिंदगा. ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेतं. मार्टात दिवे चालू, एसी चालू, गाणी चालू, आणि काउंटरवरच्या पोरी दाराकडं बघत बसलेल्या, कारण त्यांच्याही घरचे रानात गेलेत आणि यांनाच सुट्टी नाही. पुढच्या वर्षी ‘भज्जी मिक्स, फक्त दोन मिनिटांत’ असं पाकीट काढायचा सल्ला आम्ही कंपनीला देऊन ठेवला आहे. कोंबडी आधी की अंडं आधी असल्या वादात न पडता भज्जीतलं बेसन आधी की भाज्या आधी, एवढं त्यांना कुणीतरी सांगावं.

१०. मार्ट निघून गेलं तर?

जाऊ शकतं. बिग बझार २००१ साली आलं, देशभर पसरलं, लोकांनी २६ जानेवारीला त्याच्या दारात दिवाळीसारख्या रांगा लावल्या. पुढं कंपनी कर्जात बुडाली, भाडी थकली, आणि २०२२ साली पुष्कळ दुकानं रिलायन्सनं ताब्यात घेऊन त्यांचं स्मार्ट बझार केलं. गिऱ्हाइकांना फक्त पिशवीचा रंग बदललेला दिसला. तेव्हा मार्ट गेलं तर दुसरं येईल. ते येईपर्यंतचे तीन महिने काढायला आप्पा लागतील. म्हणून त्यांचं दुकान अगदीच बंद पडू देऊ नका. अधूनमधून रोखीनं काडीपेटी घ्या.

११. आप्पांचं दुकान बंद पडलंच तर.

आप्पा वही घेऊन वसुलीला निघतील. घरी सापडू नका. दुपारी बारा ते चार मार्टात फिरणं सगळ्यात सुरक्षित, तिथं गार असतं आणि कुणी हटकत नाही.

बाहेर पडताना मात्र सावध राहा. दारावर एक पोरगा उभा असतो, निळा शर्ट, हातात शिक्का. तो बिल घेतो, पिशवीत डोकावतो, एकेक ओळ बोटानं खाली सरकवतो आणि ठप्पा मारतो. तो आप्पांचा धाकटा असण्याची शक्यता बरीच आहे. दुकानात बसायचा तेव्हा वही त्यानंच लिहिलेली, त्यामुळे तुमच्याकडं किती निघतात हे त्याला तोंडपाठ आहे. काही झालं तरी “काय रे, इकडं कधीपासून?” असं विचारू नका. मोबाइल कानाला लावा, घाईत असल्यासारखं करा, बिल पुढं धरा. ठप्पा बसला की रिक्षा डाव्या हाताला मिळते. पेठेतून जायचे तो दहा रुपये जादा घेतो, मागच्या गल्लीनं जायचे वीस.